केबलवाल्याची वही

वाचकहो, हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यात कुरुंदा नावाचे मोठे गाव आहे. हळद, ऊस आणि केळी ही त्या शिवारातली पिके, आणि टोकाईचा गड ही त्या गावाची ओळख. अशा गावी इतिहास शोधायचा तर कुठे पाहावे, असे कोणी विचारले की आपण चटकन सांगतो, जुने देऊळ पाहा, निजामाच्या अमदानीतले कागद पाहा, म्हाताऱ्या माणसांना रझाकारांच्या काळच्या गोष्टी विचारा. हे सांगणे बरोबरच आहे. पण आज मी तुम्हाला मान वर करून घरांच्या छपरांकडे पाहायला सांगणार आहे.

कुरुंद्यात काय किंवा मराठवाड्यातल्या कोणत्याही मोठ्या गावात काय, एखाद्या जुन्या गल्लीत उभे राहा. कुठे तरी लोखंडी नळीला बांधलेला, काड्या वाकलेला अँटेना अजून दिसतो. त्याच नळीला वेढा घालून एक काळी तार पुढच्या घराकडे गेलेली असते. शेजारच्या स्लॅबवर गोल छत्री बसवलेली असते. आणि खाली ओसरीवर बसलेले पोर मोबाइलवर काही तरी पाहत असते. उत्खनन करणाऱ्या विद्वानांना जमिनीखाली एकावर एक थर सापडतात. आपल्याला हे थर डोक्यावर सापडतात, इतकाच फरक. त्यातला दुसरा थर, म्हणजे ती काळी तार, हा आजचा विषय आहे. ही तार कोणी टाकली, तिच्यावर धंदा कसा चालला, आणि तो धंदा टाकणाऱ्याच्या हातून कसा निसटला, हे मला सांगायचे आहे.

प्रथम तारेच्या आधीचा काळ पाहू. भारतात दूरदर्शनाचा प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाला. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी निघाले. १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर उपग्रहाच्या साहाय्याने खेड्यांत दूरदर्शन दाखवण्याचा एक मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावे त्यासाठी निवडली होती. शेजारच्या कर्नाटक आणि आंध्रातली गावे त्यात होती, महाराष्ट्र मात्र त्या सहांत नव्हता. आपल्याकडे खरी लाट आली ती १९८२ नंतर. त्या वर्षी रंगीत चित्र आले, राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि १९८४ पासून ठिकठिकाणी लहान शक्तीची प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. या केंद्रांचा पल्ला वीस-पंचवीस किलोमीटरांचा. त्यापलीकडच्या गावांनी नळीवर नळी जोडून अँटेना उंच केला. २५ जानेवारी १९८७ पासून ‘रामायण’ मालिका लागू लागली, तेव्हा मी लहान होतो. एका माणसाने गच्चीवर चढून नळी फिरवायची, दुसऱ्याने दारातून ओरडायचे, ‘आलं, आलं! गेलं! थोडं मागं घ्या!’ आणि पडद्यावरच्या मुंग्या थांबल्या की साऱ्या गल्लीने खाली बसायचे, हा रविवारचा नेम होता.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आकाशातून येणारी लहर कोणालाही मिळते. नळी उभी केली की झाले. लहर सोडणाऱ्याला तिकडे हे कळत नाही की इकडे किती घरांनी ती घेतली. पूर्वी रेडिओ बाळगायचा तर टपाल कचेरीत परवाना काढावा लागे, तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना तो आठवत असेल. त्या परवान्यांवरून सरकारला संचांचा काही अंदाज येई. १९८० च्या दशकाच्या मध्याला ही पद्धत बंद झाली. म्हणजे घरे मोजण्याचे सरकारचे साधन गेले, आणि गंमत अशी की जवळजवळ त्याच सुमारास घरे मोजल्याशिवाय चालूच शकत नाही असा एक धंदा आपल्या देशात जन्माला आला. तो म्हणजे केबलचा.

केबल मुळात अमेरिकेतली. १९४८ च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या महानॉय सिटी या डोंगरातल्या गावी जॉन वॉल्सन नावाचा दुकानदार दूरदर्शन संच विकत होता. डोंगर आडवा येत असल्यामुळे गावात चित्र दिसत नसे, आणि चित्र दिसत नाही म्हणून संच खपत नसे. त्याने डोंगरमाथ्यावर अँटेना लावला आणि तिथून तार खाली आणून गिऱ्हाइकांच्या घरांत सोडली, असे सांगतात. आणखीही काही गावे पहिलेपणाचा मान मागतात. कोणी का असेना, मूळ कल्पना ही की सगळ्या गावाचा मिळून एक अँटेना.

आपल्याकडे कारण निराळे पडले. मुंबईत लहर चांगली येत होती, पण कार्यक्रम ठरावीक होते. १९८४ च्या सुमारास तिथल्या उंच इमारतींत कोणी तरी तळमजल्यावर व्हिडिओ यंत्र मांडले आणि जिन्यातून तार चढवून घरोघर सिनेमा दाखवायला सुरुवात केली. मग हे लोण शहरांत पसरले. १९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध पेटले. अमेरिकेच्या सीएनएन वाहिनीने बगदादवरचा मारा घडत असतानाच दाखवला, आणि ते पाहण्यासाठी मोठ्या हॉटेलांनी छत्र्या बसवल्या. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्हीचे कार्यक्रम एशियासॅट-१ या उपग्रहावरून सुरू झाले. पुढे २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही आला. मुंबई केंद्र निघून त्या दिवशी बरोबर वीस वर्षे झाली होती. उपग्रहाला राज्याची सीमा नाही आणि तालुक्याचीही नाही. मलबार हिलवर जी लहर पडत होती तीच वसमतच्या शिवारात पडत होती. ती उतरवून घ्यायला मोठी छत्री पाहिजे, आणि ती छत्री एका घराला परवडणारी नव्हती. तेव्हा खेडोपाडी पुन्हा तीच युक्ती आली. सगळ्या गावाची मिळून एक छत्री!

हे जाळे कसे चालते, ते पाटपाण्यावरून सांगतो म्हणजे चटकन समजेल. वसमत भागाला पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांची ओळख आहे. धरणातून मुख्य कालवा निघतो, त्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, आणि चारीतून आपल्या वावरात पाणी. केबलचेही तसेच. केबलवाल्याच्या खोलीवरची छत्री म्हणजे धरण. उपग्रहावरून आलेला प्रत्येक कार्यक्रम एका यंत्राने उतरवायचा, दुसऱ्या यंत्राने त्याला तारेवरची एक जागा नेमून द्यायची, आणि मग सगळे मिळून एका जाड तारेत सोडायचे. दहा वाहिन्या दाखवायच्या तर ही यंत्रांची जोडी दहा वेळा घ्यावी लागे. तार जसजशी लांब जाते तसतसा जोर कमी होतो, म्हणून मध्ये मध्ये जोर वाढवणारी पेटी, म्हणजे ॲम्प्लिफायर, बसवावी लागते. तीही कोणाच्या तरी घरातून वीज घेऊन. कालव्याच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी कमी पोचते, तसे तारेच्या टोकाच्या घरात चित्र मळकट दिसते. तक्रार दोघांची एकच, आणि ती ऐकायला माणूसही गावातलाच. तिकडे पाटकरी, इकडे केबलवाला.

हा केबलवाला कोण होता? बहुधा गावातला रेडिओ दुरुस्त करणारा, कॅसेट भाड्याने देणारा, किंवा आयटीआय करून नोकरीची वाट पाहून थकलेला तरुण. बँकेने त्याला कर्ज दिले असे क्वचितच घडले. थोडे घरचे, थोडे पाहुण्यांकडून उसने, असे करून छत्री आली. तार विजेच्या खांबांवरून, कडुनिंबाच्या फांदीवरून, लोकांच्या पत्र्यांवरून गेली. वीज पडली की यंत्र जळायचे, ट्रॅक्टरवरचा कडबा उंच असला की तार तुटायची. भारनियमनाच्या वर्षांत गावाची वीज तासन् तास जात असे, आणि नेमका क्रिकेटचा सामना असला की लोक खोलीवर येत, ‘भाऊ, जनरेटर लावा की!’ २०२२ च्या जुलैत कुरुंद्यात पुराचे पाणी घरांत शिरले, हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचले असेल. अशा पाण्यात तारेचे जाळे सापडले म्हणजे ते पुन्हा उभे करायला कोणी इंजिनिअर येत नाही. तोच माणूस पक्कड घेऊन शिडीवर चढतो. तेव्हा या धंद्याचे भांडवल पैशाचे कमी आणि अंगमेहनतीचे जास्त होते, हे विसरता कामा नये.

आता वहीकडे येऊ. प्रत्येक केबलवाल्याजवळ एक वही असे. कोणत्या गल्लीत किती घरे जोडली, कोणी पैसे दिले, कोणाचे राहिले, हे त्या वहीत. मी अशी एक वही पाहिली आहे. गावाचे आणि माणसाचे नाव सांगत नाही. घराच्या नावापुढे बारा महिन्यांचे बारा रकाने, आणि रकान्यांत आकड्यांपेक्षा शेरेच अधिक! ‘हळद विकल्यावर.’ ‘पोळ्यानंतर.’ ‘लेकीचे लग्न, दोन महिने सोडले.’ ‘तार कापली.’ आणि त्याच्याच खाली, ‘पुन्हा जोडली.’ मोसमावर पैसा हाती येणाऱ्या गावात महिन्याच्या महिन्याला वसुली करायची, तर ती अशीच करावी लागते. ‘भाऊ, हळद बाजारात जाऊ द्या, मग एकदम घ्या’ हे वाक्य त्या धंद्याच्या मुळाशी होते.

पण या वहीला दुसरी बाजू होती, आणि इतिहास सांगताना ती झाकणे बरे नव्हे. या वहीतला खरा आकडा एका माणसाशिवाय कोणालाच ठाऊक नसे. आणि तोच आकडा पुढे सगळ्यांना पाहिजे झाला.

पहिला आला कायदा. १८८५ च्या तार कायद्याने तारायंत्राचा मक्ता सरकारकडे ठेवला होता. शंभर वर्षांनी गल्लोगल्ली तारा पडल्या, त्या त्या कायद्यात बसतात की नाही हा वाद निघाला. १९९३ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने सांगितले की केबललाही या कायद्याखाली परवाना लागतो. मग १९९४ च्या सप्टेंबरात वटहुकूम निघाला आणि १९९५ मध्ये केबल टेलिव्हिजन जाळ्यांच्या नियमनाचा कायदा झाला. मुंबईत पहिली तार पडून तोवर सुमारे दहा वर्षे झाली होती. या कायद्याने केबलवाल्याने नोंदणी करावी असे ठरवले, आणि ती करायची कुठे, तर मुख्य टपाल कचेरीत. रेडिओचा परवाना जिथे मिळे, तिथेच केबलवाल्याचा दाखला! दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणे सक्तीचे झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून निघालेल्या खटल्यात सांगितले की आकाशलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. लहरी जनतेच्या झाल्या. तारेबद्दल मात्र कोणी तसे म्हटले नाही.

दुसरा आला कर. सिनेमाच्या तिकिटावर जसा करमणूक कर होता, तसा महाराष्ट्रात तो केबलच्या जोडण्यांवरही बसला. महसूल खात्याने घरे मोजायची आणि त्या हिशोबाने कर घ्यायचा. २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर येईपर्यंत ही पद्धत राहिली. तिसऱ्या आल्या वाहिन्यांच्या कंपन्या. सुरुवातीला वाहिन्या फुकट होत्या, कारण त्यांना प्रेक्षक पाहिजे होते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात लोकप्रिय वाहिन्यांनी दर घरामागे पैसे मागायला सुरुवात केली. चौथे आले मोठे जाळेवाले. झी गटाची सिटी केबल १९९४ मध्ये निघाली, पाठोपाठ हिंदुजा, रहेजा अशा घराण्यांच्या कंपन्या आल्या. शहरातल्या मोठ्या केंद्रातून त्या सगळ्या वाहिन्या एकत्र सोडत आणि गावचा केबलवाला त्यांच्याकडून तार घेई. छत्री सांभाळायचा त्रास वाचला, पण धरण आता त्याचे राहिले नाही. तो चारीवरचा माणूस झाला.

या चौघांचाही प्रश्न एकच, ‘तुझ्या गावात किती घरे?’ उदाहरणापुरते आकडे घेऊ. समजा, एका गावात तीनशे घरे जोडली आहेत आणि महिना शंभर रुपये दर आहे. वसुली झाली तीस हजार. केबलवाल्याने वर सांगितले, ‘साहेब, साठच घरे आहेत.’ कर साठ घरांचा, वाहिन्यांचे पैसेही साठ घरांचे. उरलेल्या दोनशेचाळीस घरांचा पैसा वहीत. वरचे म्हणत हा लबाड आहे. हा म्हणे, तारा माझ्या, मेहनत माझी, उधारी माझी बुडते, तुमचे काय जाते? दोघांचेही थोडे थोडे खरे होते. गिऱ्हाइकाला मात्र पावती क्वचित मिळे. एका गावात एकच केबलवाला, त्यामुळे दर तो सांगेल तो, आणि वाहिन्या तो दाखवील त्या. चौकशी करायची सोय नाही. वाचकहो, वही दयाळू होती, पण ती उघडी नव्हती.

ती उघडण्याचा पहिला प्रयत्न २००२ च्या दुरुस्तीने झाला. पैसे देऊन पाहायच्या वाहिन्यांसाठी घरोघर पेटी बसवावी असे ठरले. चेन्नईत ते २००३ मध्ये सुरू झाले, मुंबईच्या काही भागात २००६ सरता सरता. पुढे २०११ मध्ये कायदा पुन्हा बदलला आणि साऱ्या देशात टप्प्याटप्प्याने पेटी सक्तीची झाली. पहिल्या टप्प्यात मुंबई आणि इतर महानगरे, २०१२ च्या ऑक्टोबरअखेर. दुसऱ्यात अडतीस शहरे, त्यांत आपले त्या वेळचे औरंगाबाद, २०१३ च्या मार्चअखेर. तिसऱ्यात राहिलेली नगरे, म्हणजे वसमत आणि हिंगोलीसारखी नगरपालिकांची गावे. त्याची मुदत २०१५ अखेरची होती, पण ती लांबत गेली. चौथ्यात उरलेला सारा ग्रामीण भाग, म्हणजे कुरुंदा. त्याची अखेरची मुदत ३१ मार्च २०१७. ज्या क्रमाने शहरातून गावाकडे तार आली होती, त्याच क्रमाने पेटी आली.

पेटीने चित्र स्वच्छ झाले आणि वाहिन्या शेकड्यांनी वाढल्या, ही गोष्ट कबूल केली पाहिजे. पण पेटीचे खरे काम निराळे होते. प्रत्येक पेटीला क्रमांक असतो आणि तो क्रमांक कंपनीच्या शहरातल्या यंत्रात नोंदलेला असतो. कोणत्या गावात किती पेट्या चालू आहेत, हे आता केबलवाल्याला विचारावे लागत नाही. उलट त्यालाच कंपनीच्या यंत्रात पाहावे लागते. वही कुरुंद्याच्या खोलीतून उचलली गेली आणि शहरात गेली. सत्ता मोजणाऱ्याकडे गेली, हे या साऱ्या इतिहासाचे सार आहे.

याचा परिणाम पैशांत पाहा. ट्राय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दरपद्धती २०१९ च्या फेब्रुवारीत लागू झाली. पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी जाळ्याचे भाडे जास्तीत जास्त १३० रुपये, त्यावर १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. पैशाच्या वाहिन्या घेतल्या तर त्यांचे वेगळे. केबलवाला आणि कंपनी यांचा आपसात करार न जमल्यास १३० पैकी ५५ टक्के कंपनीचे आणि ४५ टक्के केबलवाल्याचे, असा नियम होता. ४५ टक्के म्हणजे ५८ रुपये ५० पैसे. यातून खांब, तार, दुरुस्ती, वसुली आणि घर. गिऱ्हाइकाला वाहिनीनिहाय दर छापील मिळाले, आपल्याला हवे ते निवडण्याचा हक्क मिळाला, हा लाभ लहान नाही. मात्र पैसे आधी भरायचे. मुदत संपली की पडदा काळा. ‘हळद विकल्यावर’ हा शेरा लिहायला त्या यंत्रात रकानाच नाही.

आणखीही एक गोष्ट गेली. पूर्वी केबलवाला एखादी जागा गावासाठी राखून ठेवी. तिथे जत्रा दिसे, शाळेचे स्नेहसंमेलन दिसे, हरवलेल्या बैलाची सूचना खालून सरकत जाई. पेटी आल्यावर प्रत्येक वाहिनी कंपनीच्या केंद्रातूनच निघावी लागते. मधल्या मध्ये गावाची वाहिनी घालणे केबलवाल्याच्या हाती उरले नाही. रेडिओच्या वाचकांना येथे एक जुनी आठवण देतो. १९५६ मध्ये पुणे, नाशिक, अहमदनगर, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत एक प्रयोग झाला होता. गावकऱ्यांनी एकत्र बसून आकाशवाणीचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर बोलायचे, आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. गावाकडून वर जाणारी वाट त्यात होती. तारेनेही ती वाट काही काळ उघडली होती, अगदी वेडीवाकडी का होईना.

कोणी म्हणेल, हे सारे अटळ होते. लहान माणूस मोठ्यापुढे टिकणार कसा? पण केरळात वेगळे घडले. तिथे केबलचालकांच्या संघटनेने पुढाकार घेऊन स्वतःचीच कंपनी काढली. ‘केरळ व्हिजन’ या नावाने ती ओळखली जाते आणि देशातल्या मोठ्या जाळ्यांत तिची गणना होते. तमिळनाडूत सरकारनेच ‘अरसू केबल’ महामंडळ काढले आणि २०११ मध्ये महिना सत्तर रुपयांत केबल दिली. महाराष्ट्रात त्या तोडीचे काही उभे राहिले नाही. ज्या महाराष्ट्राने प्रवरेच्या काठी १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना चालू करून देशाला वाट दाखवली, ज्या कुरुंद्यात टोकाईच्या नावाचा सहकारी कारखाना निघाला, तिथे तारेचा सहकार का झाला नाही?

मला वाटते, त्याचे उत्तर पुन्हा त्या वहीत आहे. सहकाराची पहिली अट उघडा हिशोब. ऊस आणला की काट्यावर वजन होते, पावती मिळते, आणि वजनाबद्दल शंका आली तर दहा सभासद आवाज उठवतात. केबलवाल्याने आपला आकडा करखात्यापासून लपवला, कंपनीपासून लपवला, आणि त्यासाठी तो शेजारच्या गावच्या केबलवाल्यापासूनही लपवावा लागला. जो आकडा कोणालाच सांगायचा नाही, तो दहा जणांनी एकत्र मांडायचा कसा? ज्या गुपिताने त्याला वीस वर्षे तारले, त्याच गुपिताने त्याला एकटे ठेवले. आणि एकटा सापडला, तेव्हा त्याला दर ठरवून देणारे दुसरेच निघाले. २०१८ च्या ऑक्टोबरात रिलायन्सने हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या जाळ्यांत बहुमताचा हिस्सा घेण्याचे जाहीर केले. तेव्हा या धंद्यातले जुने मोठेही लहान ठरले, मग गावच्या चारीवरच्या माणसाची काय कथा!

दरम्यान आणखी दोन थर चढले होते. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची बिनभाड्याची छत्री आली. एकदा खर्च केला की महिन्याचे काही नाही, म्हणून गरीब घरांनी ती आपलीशी केली. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले, आणि पोरे पडद्याकडून हातातल्या काचेकडे वळली. केबल कंपन्यांच्या संघटनेने २०२५ मध्ये जो अहवाल काढला, त्यात पैसे भरून दूरदर्शन पाहणारी घरे २०१८ मध्ये १५ कोटी १० लाख होती, ती २०२४ मध्ये ११ कोटी १० लाखांवर आली असे म्हटले आहे. २०२५ च्या जानेवारीत नोंदणीचा नियमही बदलला. केबलवाल्याचा दाखला आता टपाल कचेरीत मिळत नाही. तो संगणकावरून थेट दिल्लीच्या मंत्रालयाकडे मागायचा, पाच वर्षांसाठी, पाच हजार रुपये भरून.

तर मग हा इतिहास सांगून मिळवायचे काय? तार संपलेली नाही, ती बदलते आहे. काळ्या तारेच्या जागी काचेच्या तंतूची बारीक तार येत आहे आणि तिच्यावरून इंटरनेट येते. पुष्कळ ठिकाणी ती टाकणारा माणूस तोच जुना केबलवाला आहे, शिडीही तीच आहे. या नव्या तारेची मोजणी कोण करणार, दर कोण ठरवणार, आणि गावाला तिच्यावरून काही वर पाठवता येणार की नुसते खाली घेता येणार, हे प्रश्न अजून पुरते मिटलेले नाहीत. पहिल्या वेळी आपण ते विचारलेच नाहीत. चित्र आले एवढ्यावर आपण खूश होतो.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती करून थांबतो. आठवी-नववीच्या मुलांना एका रविवारी गावातल्या केबलवाल्याकडे पाठवा. चारच प्रश्न विचारायला सांगा. पहिली छत्री कोणत्या वर्षी बसवली? पैसा कुठून आणला? पहिली तार कोणत्या घरापर्यंत गेली? आणि जुनी वही अजून आहे का? वही असेल तर तिची दोन पाने मुलांनी उतरवून घ्यावीत, माणसांची नावे गाळून. कोणत्या महिन्यात उधारी वाढली, कोणत्या वर्षी तारा कापल्या गेल्या, हे त्या रकान्यांत दिसेल, आणि त्यावरून गावात पीक कसे आले होते तेही दिसेल. दुष्काळाची सरकारी आणेवारी दप्तरात असते. पण त्या वर्षी माणसाने आधी कोणती गोष्ट बंद केली, हे केबलवाल्याच्या वहीत असते. या वह्या रद्दीत जाण्याआधी पाहिल्या पाहिजेत.